तिवराचा पाला

करंजा, उरण
वैशाख शुद्ध ६, शके १८५६

प्रिय दिनानाथ,

अनेक आशीर्वाद. पुण्याच्या प्रयोगशाळेत तुला कायम केलं हे वाचून बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला. मिठागरावरून आलो की पाठ टेकण्यापलीकडे काही सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर मी लिहायचं टाळतच होतो.

इकडची खबर चांगली नाही. गेल्या पावसाळ्यात उधाणाने बांध फोडला आणि खारं पाणी शेतात शिरलं, हे तुला ठाऊक आहे. भात नाही म्हणून पेंढाही नाही. असल्या वर्षी आपल्या आळीची गुरं तिवराच्या पाल्यावर तग धरतात. त्यात तुझ्या वहिनीचा हात कोणी धरणार नाही. ओहोटी लागली की वेणू गुडघाभर चिखलात उतरते, खाडीकाठच्या तिवराच्या कोवळ्या फांद्या तोडते, गोड्या विहिरीच्या पाण्यात दोनदा खंगाळते, दिवसभर सावलीत पसरून कोमेजू देते, आणि मगच पांगाऱ्याचा पाला मिसळून म्हशीपुढे टाकते. त्यावर आपली चांदी ऐन उन्हाळ्यातसुद्धा आटायची नाही, सायही जाड यायची. त्या पाल्यात कस आहे, तो कागदावर यायला हवा, असं तुला वाटलं म्हणून तू तो तपासायला मागवलास. वेणू किती हरखली होती.

मग तुमच्या प्रयोगशाळेचं पत्रक आलं. तलाठ्याने चावडीवर वाचलं, की तिवराच्या पाल्यात मीठ बेसुमार, जनावरांस अयोग्य. सरकारी शिक्का पाहून आळीने ते खरं मानलं. लोकांनी पाला तोडणं सोडलं. भागुबाईची गाय परवा बसली ती उठलीच नाही. चांदीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. बांधावरचं वाळकं लव्हाळं घालतो, तर ती हुंगते आणि तोंड फिरवते. पावसाला अजून महिना आहे.

पाणवठ्यावर बायका वेणूची थट्टा करतात. ती चिडली असती, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती म्हणाली, "सरकारनं तपासलंय, ते खोटं कसं व्हईल? मलाच काय कळत न्हाय." विळा आढ्याला खोचून ठेवलाय. आता गोठ्यात जायची झाली तरी आधी मला विचारते. दिनू, ज्या बाईने इतकी वर्षं गुरं जगवली ती मला विचारते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

तुमचं यंत्र बरोबर आहे आणि वेणूही बरोबर आहे. चूक माझी आहे. माघात तू पाला मागवलास आणि लगेच ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. धुऊन, सुकवून पाठवा, असं जाताना दोनदा बजावून गेली. मी दमून आलो होतो, रांजण रिकामा, विहीर अर्ध्या कोसावर. म्हटलं, हा कुठे जनावराला घालायचाय, जाळून वजनच तर करणार. पानांवर मिठाची पांढरी पूड दिसत होती. तसाच बांधला आणि टपालात टाकला. तू भावावर विश्वास ठेवून तपासलास. सोबत नवं पुडकं पाठवतोय, ते मी माझ्या हाताने धुतलंय. त्याच्या तपासणीला वेळ लागेल, पण एक पत्र उलट टपाली धाड, गुरं थांबणार नाहीत. ते वहिनीच्या नावाने लिही आणि पहिल्याच ओळीत घाल, की दादाने पाला न धुता पाठवला होता. तीन आठवडे मी तिला सांगायला जातो आणि भलतंच बोलून परत येतो. घरात वाचता येणारा मी एकटाच. तू लिहिलंस की मला ते तिला वाचून दाखवावंच लागेल.

तुझाच दमलेला दादा,
हिरामण