घोडीची वाटणी करण्यापूर्वी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घोडी पाळणे आणि जमेल तशी शेती, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा माणसांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचेही मत तेच आहे आणि माझा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे. वकिलांनी मागे आखून दिलेले वाटणीपत्र या लिखाणाने रद्द समजावे.

ते का रद्द केले, हे वारसांना कळले पाहिजे. वकिलांचे म्हणणे असे की, गाई आणि शेळी मुलाला द्यावी, घोडी विकून टाकावी, म्हणजे मागे भांडण नको. मी आयुष्यात खोगीरसुद्धा पाठीवर चढवून पाहिल्याशिवाय घेतलेले नाही. म्हणून ही वाटणीही जिवंतपणीच करून पाहिली. आधी एकट्या शेळीला वैरणीच्या टोपलीसकट गाडीत घालून मुलाच्या घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी घोडीने चारा सोडला, मग पाणी.

घोड्याला सोबत लागते आणि ती बहुधा शेळीची असते, असे आम्ही घोडेवाले पिढ्यानपिढ्या सांगत आलो. तेव्हा शेळी परत मागवली. मुलगा आणि सूनबाई तिला त्याच गाडीतून, टोपलीसकट घेऊन आले. घोडीने शेळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. डॉक्टरीणबाईंनी पोट ऐकले, दात पाहिले, ताप पाहिला, सगळे ठीक. नालबंद म्हणाला, खिळा सलत असेल. नालही काढून पाहिली. घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, ते कोणाला कळेना. घोडी दगावेल अशी मला भीती वाटत होती, हे लिहायला लाज नाही. पण त्या भीतीतही डोक्यात एकच किडा वळवळत होता: शेळी नाही, तर मग कोण?

तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, आपण सगळे नुसते अंदाज बांधतोय. दार उघडून बघू या ना, ती कुठे जाते ते."

मुलगा खेकसला, "तुला घोड्यातलं काय कळतंय?"

"म्हणून तर विचारतेय. तुम्हाला कळत असतं तर एव्हाना ती जेवली असती."

मी दार उघडले. घोडी हळूहळू बाहेर आली. गाईंना ओलांडून, कुत्र्याला ओलांडून, शेळीला तर जवळजवळ ढकलून ती गाडीपाशी गेली आणि वैरणीच्या रिकाम्या टोपलीत तोंड घालून उभी राहिली. सूनबाईने कपाळावर हात मारला.

"अहो, या टोपलीतून एक कोंबडी निघाली होती! लंगडी. आमच्या गच्चीवर आहे."

मुलाला पिटाळून कोंबडी आणवली. तिला खाली ठेवताच ती लंगडत तबेल्यात शिरली, गव्हाणीच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसली आणि घोडीने तिच्यावर एक मोठा श्वास सोडून गवताचा पहिला घास ओढला. ही कोंबडी दाणे चोरायला येते, असे समजून मी रोज सकाळी तिला केरसुणीने हुसकावत होतो. इतकी वर्षे घोड्यांत काढली आणि घोडीची मैत्रीण कोण, हे मला माहीत नव्हते. ते कळल्यावर मी मोठ्याने हसलो आणि मग मला रडूही आले.

आता वाटणी.

गाई मुलाला. त्याला दूध आवडते आणि गाईंना कोणीही चालते. शेळी डॉक्टरीणबाईंना देणार होतो, पण मग त्यांना साक्षीदार होता येणार नाही, असे वकील म्हणतात. तेव्हा शेळीही मुलालाच. खुरे कोरायच्या सुऱ्या, कानस आणि हातोडा नालबंदाला. उसने म्हणून त्याने निम्मे आधीच नेले आहे, उरलेले हक्काने न्यावे. चावरा हंस शेजारच्या दूधवाल्याला. माझी घोडी खादाड आहे, असे तो गावभर सांगत फिरला. आता त्याने हंस सांभाळून दाखवावा. बँकेतली शिल्लक वैरणीसाठी आणि औषधासाठीच वापरावी.

घोडी आणि लंगडी कोंबडी ही एकच मिळकत समजावी आणि ज्याला तबेला, त्याच्याकडेच ती राहावी. त्यांची ताटातूट करणाऱ्याला माझ्या मिळकतीतील काडीही मिळू नये. कोंबडीचे आयुष्य ते केवढे! ती आधी जाईल. त्या वेळी घोडीसाठी शहाणपणाने कोणी सोबत निवडू नये. सगळी दारे उघडावीत, ओट्यावर बसावे आणि ती कोणापाशी जाते ते पाहावे. ते पाहायला मी नसेन, याची मात्र मला फार चुटपुट आहे.

राहिले घर, तबेला आणि शेत. मुला, रागावू नकोस, हे सूनबाईला देत आहे. घोडीला काय हवे, हे घोडीलाच विचारायचे तिला सुचले. पण कारण तेवढेच नाही. कोंबडी परत आली त्या संध्याकाळी मी सूनबाईला विचारले, की आयती चालत आलेली कोंबडी तू पातेल्यात कशी नाही घातलीस? ती म्हणाली, "लग्न होऊन अकरा वर्षं झाली, बाबा. तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी पाठवलं असं वाटलं मला. कापणार कशी?"

त्याचे उत्तर इथे लिहितो. सूनबाई, ती कोंबडी मी पाठवली नव्हती. हे घर मात्र मीच पाठवतो आहे.

साक्षीदार: १. जनावरांच्या डॉक्टरीणबाई (सही) २. शाळेचे निवृत्त हेडमास्तर (सही)

लिहून ठेवणार: घोडेवाले आजोबा (सही)
ठिकाण: तबेल्यासमोरचा ओटा
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे