एकानं चालवायचं, एकानं बघायचं

४ जून

चि. ताईस अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून डाफरू नकोस. तीन आठवडे घोडी पुढच्या पायानं लंगडते आहे. आत पू असेल म्हणून डावा खूर तासून पाहिला, काही निघालं नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बघू, नाहीतर इंजेक्शन देऊन तिला मोकळं करू. तुझी आई गेल्यापासून माझा आवाज ऐकणारं घरात तेवढंच उरलंय. बाकी मजेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा, बाबा

९ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

बाकी मजेत म्हणे! कोणाला बनवता? आधी सांगा, घोडी चालवली कोणी? नालबंदाच्या घरात वाढलेय मी. लंगडं जनावर एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं समोरून बघायचं. दुखरा पाय टेकला की ते मान वर झटकतं. आई दोर धरायची, तुम्ही बघायचात. आता दोर धरणारेही तुम्हीच आणि बघणारेही तुम्हीच, मग दिसणार काय, कपाळ! कोणाला तरी हाक मारा, त्यानं काही तुमचं नाक कापलं जाणार नाही. मीच आले असते, पण महिनाअखेरीपर्यंत सुट्टी नाही. इथंही संध्याकाळी खोलीत शिरलं की बोलायला कोणी नसतं. तुमचं पत्र मी दोनदा वाचते.

लोभात खंड नसावा, ही विनंती.

तुमची, ताई

१५ जून

चि. ताईस अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनलाच धरलं. पिशवी कुंपणाला अडकवून त्यानं घोडी चालवली. इतका घाबरला होता की दोर चांगला लांब सोडला. बरंच झालं, मान मोकळी राहिली. उजवा पाय टेकला की ती वर जात होती! चाळीस वर्षं नाल ठोकले आणि दुखरा सोडून चांगला खूर तासून बसलो. मी तिच्या डावीकडून चालतो, म्हणून त्याच पायाचा आवाज कानाशी. फार लाज वाटली. उजव्या खुरात नालाच्या खिळ्याच्या वाटेनं पू झाला होता. तो काढला, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवला. आज ती चारा मागायला दारापर्यंत आली. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनचं नाव नको.

दोर परत देताना पोस्टमननं विचारलं, तुम्ही कधीपासून लंगडता? मी कुठला लंगडतोय, असं म्हणून त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून घरभर चालून बघतो, पण कोणता पाय ते कळत नाही. ताई, सुट्टी मिळाली की ये. मी अंगणात चालतो, तू बघ.

वाट बघतोय, एवढंच.

तुझा, बाबा