दिवा पुन्हा टांगल्यावर लिहिलेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, धंद्याने खिडक्यांना काचा बसवणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, ज्याला या गल्लीतले लहानथोर ‘काचवाले’ म्हणून हाक मारतात, आज स्वस्थ मनाने आणि बऱ्यापैकी स्वस्थ पोटाने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पलीकडच्या खोलीत पत्त्यांच्या डावावरून जी आरडाओरड चालू आहे तिला दबाव म्हणता येणार नाही, असे वकीलबाई म्हणतात.

हिवाळा सुरू होताना मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लिखाणाने पूर्णपणे रद्द समजावे. ते मी पोटातली गाठ काढायच्या आदल्या आठवड्यात केले होते आणि त्यात भीती व राग यांखेरीज फारसे काही नव्हते. ‘धाकट्या भावास माझ्या घरातला एक खिळाही मिळू नये व त्यास माझ्या अंत्यविधीस बोलावू नये’ असे त्यात कलम होते. तेव्हा वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारले होते, “नक्की?” मी म्हणालो, “ठळक अक्षरात लिहा.” गाठ साधी निघाली. मी घरी आलो. पुढे काय झाले ते खालील कलमांत ओघाने येईलच.

कलम पहिले : घर. माझे राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि तळघरातली माझी कामाची जागा, थोरली मुलगी व मुलगा यांना निम्मे निम्मे द्यावे. मुलगी औषधांच्या दुकानात आहे आणि तिला प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची सवय आहे. मुलगा बोटीवर स्वयंपाकी आहे आणि त्याला कोणतीही वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावे. या घराच्या सगळ्या काचा मी स्वतः बसवल्या आहेत. कितीही गारठा असला तरी एकाही फटीतून वारा येत नाही. उत्तरेकडची खिडकी थोडी कुरकुरते. तिला तेल घालावे, सुताराला बोलावू नये. तो सुतार मला पूर्वीपासून पसंत नाही.

कलम दुसरे : बँकेतली शिल्लक. जी काही असेल ती दोघांत सारखी वाटावी. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि हे लिहिता येते यातच मी सुखी आहे.

कलम तिसरे : रजई. ही माझ्या पत्नीने जुन्या कोटांच्या अस्तरांतून शिवली. निळा तुकडा माझ्या लग्नाच्या कोटाचा, करडा तिच्या वडिलांचा, आणि मधला जांभळा कुठून आला ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. हिवाळी सुट्टीत सगळे पुढच्या खोलीत गाद्या टाकून झोपतात आणि सकाळी या रजईखाली पाय घालून कॉफी पितात, आणि कोणीच उठायचे नाव घेत नाही. पत्नी गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी रजई कपाटात ठेवून दिली होती. नातीने, म्हणजे मुलीच्या मुलीने, ती ओढून काढली आणि म्हणाली, “आजोबा, हिला कपाटात गुदमरायला होतं.” रजई नातीला द्यावी. ड्रायक्लीनला कधीही देऊ नये.

कलम चौथे : सुपाचे मोठे पातेले, झाकणासह. झाकणाला पोचा आहे, तो माझ्या सासूबाईंच्या रागाचा आहे, ठोकून सरळ करू नये. पातेले मुलाला द्यावे. त्याने जगभरच्या बंदरांत स्वयंपाक केला, पण दर वर्षी सुट्टीला घरी आला की दारातूनच विचारतो, “पातेलं काढलंय ना?”

कलम पाचवे : शिडी. माझी उंच शिडी समोरच्या शिक्षकांकडे कित्येक वर्षे आहे. ती कायदेशीरपणे त्यांनाच द्यावी, म्हणजे मला बघून रस्ता ओलांडायचा त्यांचा त्रास वाचेल.

कलम सहावे : दिवा. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी आवरते घ्यायला सांगितले. मी ऐकले नाही.

आमचे वडीलही काचवाले होते. गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेल्या रंगीत तुकड्यांचा त्यांनी एक टांगता दिवा केला. लाल, मधाळ पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या काचा शिशाच्या पट्टीत बसवून, सांधे झाळून. हिवाळ्यात लवकर अंधारले की आई तो लावायची आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या ताटांत रंग पडायचे. मी आणि धाकटा हिरव्या जागेवरून भांडायचो. ज्याच्या ताटात हिरवे, त्याचे सूप चविष्ट, असा आमचा समज होता.

आई गेल्यावर तिची जागा रिकामी करायची होती. धाकट्याचा सामान हलवण्याचा धंदा. लोकांची कपाटे, आरसे, पियानो त्याने आयुष्यभर जिने चढवले आणि कशालाही ओरखडा येऊ दिला नाही. तो व्हॅन घेऊन आला, सगळे उतरवले, आणि दिवा मला न विचारता स्वतःच्या घरी नेला. मी फोन केला. तो म्हणाला, “दिवा माझ्याकडे राहील.” मी म्हणालो, “अरे, बघायला तरी येऊ दे.” तो म्हणाला, “नको. येऊ नकोस.” एवढेच. त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही, माझी बायको गेली तेव्हा तो फाटकापाशी उभा राहून परत गेला. मधल्या हिवाळी सुट्ट्यांत आमच्या टेबलावर साधा बल्ब होता आणि धाकट्याविषयी कोणी बोलायचे नाही, असा घरचा अलिखित नियम झाला.

माझ्या ऑपरेशनचे मुलीने काकाला कळवले होते. हे मला नंतर कळले. मी तिथे होतो ते तिन्ही दिवस तो हॉस्पिटलच्या आवारात व्हॅनमध्ये बसून होता. वर आला नाही. डॉक्टरांनी गाठ साधी आहे असे सांगितल्यावर मुलगी खाली गेली आणि खिडकीची काच वाजवून म्हणाली, “काका, बाबा ठीक आहेत.” त्याने मान हलवली, गाडी सुरू करायला गेला, आणि ती सुरू होईना. त्याला रडू फुटले होते म्हणून किल्ली उलटी फिरवत होता, असे ती सांगते.

या सुट्टीत, सगळे जमलेले असताना, दुपारी दार वाजले. दारात धाकटा, हातात मोठे खोके. केस पूर्ण पांढरे झालेले. मी त्याला ओळखले आणि ओळखले नाही.

तो म्हणाला, “दादा, आत येऊ?”

मी म्हणालो, “दार उघडं ठेवू नकोस. थंडी शिरतेय.”

याहून चांगले वाक्य मला सुचले नाही. तो आत आला. खोके टेबलावर ठेवले, दोर सोडले. आत दिवा होता, आणि हिरव्या काचेच्या जागी रंगवलेला पुठ्ठा होता.

“आईच्या जिन्यावरून उतरवताना माझ्या हातून पडला,” तो म्हणाला. “पियानो कधी पडला नाही, दादा. हा पडला. तुला काय तोंड दाखवणार होतो? तू म्हणाला असतास, बापाचं एक काम सांभाळता आलं नाही.”

“म्हणालो असतो,” मी म्हणालो. “एक दिवस म्हणालो असतो. दुसऱ्या दिवशी काच बसवून दिली असती.”

“ते मला आत्ता कळतंय.”

“आणि इतकी वर्षं मी तुला चोर समजत होतो.”

“चोर परवडला, असं वाटायचं मला.”

मुलगा स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊन आला होता, तो तसाच उभा. कोणीतरी हसले. मला वाटते मीच.

आता प्रश्न काचेचा. वडिलांच्या त्या हिरव्या काचेत बारीक लाटा होत्या, तशी काच आता कुठे मिळत नाही. एकच तुकडा उरला होता : आमच्या पुढच्या दारावरच्या झरोक्यात. घर बांधले तेव्हा वडिलांनी स्वतः बसवून दिलेला. मी स्टुलावर चढायला निघालो तर मुलगी ओरडली, “बाबा, टाके!” शेवटी धाकटा चढला. त्याने ती काच जुन्या पुट्टीतून इतक्या हलक्या हाताने सोडवली की मला त्याच्या धंद्याचा मनातून हेवा वाटला.

तळघरात ती माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली. चुकलो असतो तर दुसरी संधी नव्हती. आणि ऑपरेशननंतर माझा हात कापतो, हे मी कोणाला सांगितले नव्हते. काच कापायची हिरकणी उचलली तेव्हा सगळ्यांना दिसले. काचेवर मापाची पट्टी ठेवून मी धाकट्याला म्हणालो, “पट्टी दाबून धर. श्वाससुद्धा घेऊ नकोस.” त्याने दोन्ही हातांनी पट्टी दाबली, मी तिच्या आधाराने हिरकणी ओढली. तो बारीक किरकिर आवाज सलग आला, कुठे तुटला नाही. मग काच टेबलाच्या कडेला घेतली आणि टक् केले. सरळ तुटली. नात म्हणाली, “झालं?” धाकट्याने तेव्हा श्वास सोडला.

संध्याकाळी दिवा टेबलावर टांगला. झरोक्यात साधी काच घातली. मुलाने सूप वाढले. हिरवा रंग मुलीच्या ताटात पडला आणि मुलगा लगेच म्हणाला, “ए, ऊठ, ती माझी जागा.” आम्ही दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून इतके हसलो की माझे टाके दुखले.

त्या जेवणातच मुलीने विषय काढला. “बाबा, हा दिवा पुढे कोणाला?” मुलगा म्हणाला, “तू घे.” ती म्हणाली, “नको, तू घे.” दोघेही घाबरलेले दिसले. मी समजलो. त्यांनी लहानपणापासून आमचे पाहिले होते. म्हणून लिहितो : हा दिवा ही स्वतंत्र वस्तू नाही. दारे, खिडक्या आणि छप्पर यांच्याप्रमाणे तो घराचा भाग आहे व कोणाच्याही वाट्याला येत नाही. पुढे घर विकायची वेळ आली, तर हिवाळी सुट्टीत सगळे ज्या घरी जमतील तिथे तो टांगावा. कोणाच्या हातून काच फुटली तर त्याने त्याच दिवशी सांगावे. बाकीच्यांनी एक दिवस बोलावे. त्याहून जास्त बोलण्यास मनाई आहे.

कलम सातवे : हत्यारे. हिरकणी नातीस, पण ती मोठी होईपर्यंत तिच्या आईकडे ठेवावी. बाकीची हत्यारे ज्याला काम येते त्याला द्यावीत. कुलूप लावून ठेवू नयेत.

कलम आठवे : आईची आरामखुर्ची धाकट्या भावास द्यावी.

हे कलम वकीलबाईंनी वाचून दाखवले तेव्हा तो पत्ते टाकून उठून आला. “दादा, साक्षीदार म्हणून सही कोण करणार?” मी म्हणालो, शेजारच्या घरातल्या दंतवैद्यबाई आणि आणखी कोणीतरी. तो म्हणाला, “मी करतो.” वकीलबाईंनी समजावले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, नंतर भानगडी होतात.

“मग ते कलम काढून टाका,” तो म्हणाला.

“अरे, खुर्ची नको तुला?”

“हवी आहे. पण आत्ता दे. तू मरायची वाट बघत बसू का खुर्चीसाठी? आणि परत असं काही लिहायला बसलास तर मी समोर पाहिजे.”

सबब कलम आठवे रद्द. खुर्ची आज हयातीत, राजीखुशीने देण्यात आली.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी थोरल्या मुलीने करावी. वस्तूंना चिठ्ठ्या लावण्याची हौस तिला तेव्हा भागवता येईल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला व तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण : पुढची खोली, जेवणाचे टेबल.
दिनांक : हिवाळी सुट्टीचा शेवटचा दिवस, दुपार.

सही : काचवाले

साक्षीदार एक : दंतवैद्य, शेजारचे घर. काचवाल्यांनी आमच्यासमक्ष सही केली. हात कापत होता, पण सही त्यांचीच आहे.

साक्षीदार दोन : धाकटा भाऊ, सामान हलवणारा. या कागदाने मला काहीही मिळणार नाही हे मला वाचून दाखवले व ते मला मान्य आहे. खुर्ची व्हॅनमध्ये ठेवली आहे. ओरखडा आलेला नाही.