पाठमोरी उडी

प्रिय ठोंब्या,

"ताई, तू बघू नकोस. तू बघितलंस की माझा डाव चुकतो." हे म्हणालास तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, आणि मी खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते. टीव्हीवरच्या कुस्तीच्या व्हिडिओ गेममध्ये एक तुझा पहिलवान, एक आपल्या मामेभावाचा, दादाचा. तुझी ती पाठमोरी उडी आठवते? हात खाली सोडायचे, समोरच्याला पाठ दाखवायची आणि उलटं झेपावायचं. बसली तर एका फटक्यात खेळ खलास, हुकली तर तूच आडवा. शिवाय ती चालायची फक्त आपली ताकद लाल रेघेवर आल्यावर, म्हणून तू मुद्दाम मार खायचास. वर गोड बोलायचास, "दादा, तूच भारी, माझं काय चालणार तुझ्यापुढे!" दादा फुशारायचा. मी भिंतीकडे बघत ओळखायचे, आता हा उडणार.

परवा फोनवर अगदी तसंच गोड बोललास. "तू म्हणतेस तसंच, ताई. गोळ्याच घेतो." मणक्यातल्या त्या गाठीसाठी डॉक्टरांनी दोनच वाटा सांगितल्या होत्या. गोळ्या घेऊन लंगडत का होईना चालायचं, नाहीतर ऑपरेशन. मग एकतर ताठ चालशील, नाहीतर जन्मभर खुर्चीत. महिनाभर माझ्याशी भांडलास, लंगडा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्ती कशी करणार म्हणून. आणि एकदम ऐकलंस? जन्मात माझं एक ऐकलं नाहीस तू! गोळ्या कोणत्या रंगाच्या, विचारलं तर म्हणे, "असतात तशा."

मग काल तुझ्या तीन पँटी आल्या. डावा पाय घासतो म्हणून गेल्या वर्षी मीच त्यांची डावी बाजू बोटभर वर घेतली होती. आता तुझी चिठ्ठी, "दोन्ही पाय सारखे कर."

शिवायला घेण्याआधी मी प्रत्येक कपड्याचे खिसे तपासते, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तिसऱ्या पँटच्या मागच्या खिशातला तो फॉर्म तू विसरलास यावर माझा विश्वास नाही. ऑपरेशनची तारीख येत्या वीसची. खाली 'जवळच्या नातेवाइकाची सही', आणि शेजारी पेन्सिलची बारीक फुली. तोंडाने विचारायला जीभ रेटली नाही होय रे? सही केली आहे. एक पँट सारखी केली आहे, दोन तशाच ठेवल्यात, तू ताठ चालत आलास की करीन. पण फॉर्म पोस्टात टाकणार नाही, मी स्वतः घेऊन येते. मला ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसू दे. नकोच म्हणशील, तेच जुनं कारण सांगशील. पण दाराकडे एकदाही बघणार नाही रे. भिंतीकडे तोंड करून बसेन.

तुझीच,
ताई