माझ्याच घराचा तपासणी दाखला रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
वीजपुरवठा शाखा कार्यालय,
ता. बारामती, जि. पुणे

अर्जदार : आबासाहेब गेणबा खोमणे, रा. कोऱ्हाळे बुद्रुक

विषय : वायरिंगचा दाखला घर न पाहता दिलेला असल्याने तो रद्द होऊन घराची प्रत्यक्ष पाहणी होणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले तिन्ही वेळचे एकच उत्तर.

महोदय,

सविनय कळवितो की, माझ्या नव्या घराचे वायरिंग आमच्या भावकीतील गोकुळ याने केले. त्याच्याकडे परवाना नाही, हात मात्र चांगला आहे. मीटरसाठी दाखला लागला, तेव्हा मी एका परवानाधारक ठेकेदाराची सही आणली. ते घरी आले नाहीत आणि मीही त्यांना या म्हटले नाही. ही चूक माझी.

दुसरीही माझीच. गोकुळने गोठ्याशेजारी खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा पाइप पुरला होता. पाइप मजबूत दिसला म्हणून मी त्याला म्हैस बांधली. तिने महिनाभरात तो हिसडून उपसला. मीच तो परत ठोकून बसवला. तेव्हापासून मोरीच्या नळाला, फ्रिजला हात लावला की झटका बसतो.

गोकुळला बोलावले तर म्हणतो, "आबा, कागदावर माजं नाव हाय का? न्हाय ना? मग ज्येचं हाय त्येला बोलवा." त्याला न विचारता दुसऱ्याची सही आणली, याचा त्याला राग आहे. पिंपळीचा वायरमन गोकुळच्या कामाला हात लावत नाही. ठेकेदार म्हणतात, ते घर मी पाहिलेलेच नाही. आपले कार्यालय म्हणते, दाखल्यानुसार घरात दोष नाही, सबब पाहणीची गरज नाही. साहेब, नळाला दाखला वाचता येत नाही.

सध्या आम्ही घरभर चपला घालून वावरतो. पत्नी सारजा देवापुढे दिवा लावतानाही चपला काढत नाही, आणि लावून झाला की रडते. मला ते बघवत नाही.

सून स्वरूपा बाळंतपणानंतर कळंबला माहेरी आहे. तिचे येणे मी दोनदा पुढे ढकलले. व्याही आता वेगळ्याच शंका घेऊ लागले आहेत, म्हणून येत्या रविवारी ती येणारच. नात सई आठ महिन्यांची आहे, या घरात पहिल्यांदा येत आहे.

तरी रविवारपूर्वी दाखला रद्द करून माणूस पाठवावा. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती खुशाल व्हावी. हे जमण्यासारखे नसेल, तर सई रांगते, तिला चपला हातात घालायच्या की गुडघ्यांत, एवढे तरी लेखी कळवावे.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
आबासाहेब गेणबा खोमणे
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) दाखल्याची प्रत. २) आपली तिन्ही उत्तरे.