गाडीचा कान आणि तोमीचा

३ ऑक्टोबर, सकाळी
गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी पस्तीस वर्षांची, मी ऐंशीचा. एवढा उजेड दोघांनाही शोभतो. वीस तारखेला डोंगरावरच्या आमच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा. दरवर्षीप्रमाणे जेवणाआधी मी सहावीतली शरद ऋतूची कविता म्हणणार. चौतीसच्या चौतीस कडवी. आणि गाडी स्वतः चालवत जाणार. संकल्प.

५ ऑक्टोबर
गॅरेजवाला ओनोदेरा म्हणतो, नॉक सेन्सर गेला. म्हणजे इंजिनला बोल्टने आवळलेला कान. पेट्रोल आपणहून, अवेळी भडकलं की आत खटखट होते. हा कान ती ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो. कानच गेला की कॉम्प्युटर घाबरून कायमच उशीर करतो. म्हणून दिवा, म्हणून चढावर दम नाही, म्हणून पेट्रोल जास्त. नवा कान यायला तीन आठवडे. तोवर कशाला हात लावू नका, आजोबा, म्हणाला. आजोबा म्हणाला मला.

८ ऑक्टोबर
चिझुएचा फोन. बाबा, लायसन्स परत करून टाका. मुलींना काव्य कळत नाही. म्हाताऱ्या चालकांनी गाडीला लावायचं ते पानाचं स्टिकर तिने पाठवलं होतं. पिवळ्या दिव्यावर चिकटवलं. नेमकं बसलं.

९ ऑक्टोबर
ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर सैल करून तांदळाच्या दाण्याएवढा फिरवला. ठिणगी लवकर पडू लागली, गाडी तरणी झाली. खटखट झाली तर? माझे कान थोडे दमलेत, पण बायकोचे, तोमीचे, मांजरीसारखे तिखट. ती शेजारी बसेल, ऐकेल, सांगेल. मी ॲक्सिलरेटर सोडीन. कॉम्प्युटरला जमलं नाही ते संसाराला जमेल.

१२ ऑक्टोबर
पुलापर्यंत तालीम. चढावर अकरा कडवी, मोठ्याने. तोमीला विचारलं, काही ऐकू येतंय का. म्हणाली, तुम्हीच. तिची दाद अशीच, थोडक्यात.

१६ ऑक्टोबर
खिंडीपर्यंत. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. आवाज पोचतोय तर. तोमी म्हणाली, काही नाही, चालवा, अजून जोरात चालवा. तिला जुने दिवस आठवत असणार.

१९ ऑक्टोबर, दुपारी ३
खिंडीच्या अलीकडे धूर. गाडी थांबली ती थांबलीच. ओनोदेराने टोचन लावून नेली. पिस्टनला भोक, इंजिन भंगार. म्हणाला, डब्यात खडे हलवावेत तसं आठवडाभर वाजत असणार. शेजारी बसणाऱ्याला ऐकू आलं नाही?
घरी तोमी चहा ओतत म्हणाली, "पहिल्या दिवसापासून येत होतं."
मग बोलली का नाहीस, विचारलं.
"अहो, दोन वर्षं आम्ही मायलेकी सांगतोय, गाडी सोडा. तुम्हाला ऐकू आलं? म्हटलं, आता इंजिनच सांगू दे."

२० ऑक्टोबर
सकाळी चिझुएने लायसन्स जमा करायला लावलं. तोमी मेळाव्याला बसने गेली. तीही त्याच शाळेची. मी गेलो नाही. कविता बसने जात नाही. माझी रिकामी खुर्ची दिसली की लोकांना उणीव जाणवेल.

संध्याकाळी
तोमी आली. विचारलं, माझी आठवण निघाली का. म्हणाली, निघाली की, सगळ्यांनीच काढली. यंदा जेवण गरम मिळालं म्हणाले.