ज्वारीत उभे असलेले सर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात तुम्ही मला पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, ज्वारीत उभे दिसलात. मी बांधावरनं चालत होते. लांबूनच ओळखलं. डावा खांदा जरा खाली, मान उजवीकडं कललेली, हात पाठीमागे. माझ्या चित्रावर काही बोलायच्या आधी तुम्ही असेच उभे राहायचात. जवळ गेल्यावर कळलं की ते बुजगावणं आहे. अंगात तुमचा राखाडी बुशशर्ट होता, कॉलर विरलेली.

मी तिकडं का गेले ते आधी सांगते. समुद्रकाठच्या एका शहरात मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरतो. देशोदेशीचे कलाकार येतात, जुन्या गोदामांत आपापली कामं मांडतात. त्यांची निवड करायला चौघांची समिती आहे आणि त्यात मी एक आहे. तुमच्या टेंभुर्णीच्या शाळेतली, शिंप्याची मुलगी. अर्ज वाचायचे, फोटो बघायचे, जमेल तिथं जाऊन काम प्रत्यक्ष पाहायचं. पिंपळगावचाही असाच एक अर्ज आला होता. अब्बा गेल्यापासून मी जालन्यात दोन खोल्यांत राहते. दिवसभर लॅपटॉपसमोर इंग्रजीत बोलते. उर्दू बोलायला घरात कुणी उरलं नाही. मराठी होते ती दूधवाल्याशी. चित्रांबद्दल मराठीत मी फक्त तुमच्याशीच बोलले आहे, हे अलीकडं माझ्या लक्षात आलं.

तुमचं घर आठवतं. स्वयंपाकघराच्या दारातून येणारा उजेड चांगला म्हणून तुम्ही आम्हा दोघींना, मला आणि तुमच्या मुलीला, तिथंच बसवायचात. तिची आई, म्हणजे आमच्या बाई, चुलीपाशी भाकरी थापतायत, आणि आम्ही एकच तांब्या दोन बाजूंनी काढतोय. एकदा मी कॅलेंडरवरची बैलजोडी वहीत उतरवून आणली होती, फार मन लावून. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत, "ही बैलं कुठल्या गावची? आपल्या गावात एवढा चारा कुणाकडं हाय?" बाई हसल्या. मी रडले. मग त्यांनी मला गरम भाकरीवर तेल-चटणी वाढली, आणि तुम्ही माझ्या पेन्सिलला स्वतः टोक करून दिलंत. मला वाटतं, मी अजूनही अर्ज वाचताना मनात तेच विचारते, ही बैलं कुठल्या गावची.

त्या ज्वारीत तुम्ही एकटे नव्हता. दाणा भरायला लागला होता, आणि सबंध शेतात माणसं उभी होती. कमरेवर हात ठेवलेली एक म्हातारी, कुणाला तरी हाक मारताना मान वर केलेला एक जण, एका पायावर भार टाकून उभा असलेला एक पोरगा. कपड्यांच्या आत नुसत्या काठ्या आणि कडबा, पण प्रत्येकाचं उभं राहणं वेगळं. ज्वारीच्या ताटांतून एक बाई डोक्यावरचा पदर सावरत आली आणि माझ्याकडं बघत थांबली.

"ओळखलं न्हाई का मला?"

तुमची मुलगी होती, सर. अर्जावर सासरचं नाव-आडनाव होतं, अर्ज तिच्या पुतण्यानं भरला होता. मी तुमच्याकडं बोट केलं.

"बाबाच हैत," ती म्हणाली. "आईला त्यांचे कपडे कुणाला देववेनात. मंग मी आणले आन उभे केले. मंग गावातले लोक आपापल्या माणसांचे कपडे घिऊन यायला लागले. कसं उभं राह्यचं ते माणूस, ते बराबर सांगतेत. मी करून राह्यले तसं."

माझ्यासोबत दिल्लीहून आलेल्या समितीतल्या बाई होत्या. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, हिचं तर नक्की. मला जाफराबादची तालुक्याची स्पर्धा आठवत होती. आम्ही दोघी आठवीत होतो, परीक्षक तुम्ही. विषय आठवडी बाजार. मी सगळा बाजार नीट मांडला होता, दुकानं, पालं, माणसं. तिनं बैलगाडीखाली बसून दिसेल तेवढाच बाजार काढला होता, नुसते पाय. तुम्ही मला पहिलं बक्षीस दिलंत. तिला उत्तेजनार्थसुद्धा नाही. त्या बक्षिसाच्या जोरावर अब्बांनी मला पुढं चित्रकलेला पाठवलं. ती बारावीनंतर लग्न होऊन पिंपळगावला गेली. सर, तिचं चित्र चांगलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, तेव्हा तुम्हाला तर कळलंच असेल.

समितीच्या बैठकीत मी सांगितलं की ही माझ्या सरांची मुलगी आहे, मी मत देणार नाही आणि बोलणारही नाही. ओळख असेल तर ती सांगावी, एवढाच नियम होता. न बोलायचं माझं मी ठरवलं. मग पडद्यावर फोटो आले, आणि फोटोत ती माणसं नुसती बुजगावणी दिसत होती. एकानं विचारलं, ही कला की शेतीतली रीत? दिल्लीच्या बाई एकट्याच भांडल्या. मी माझा माइक बंद करून बसले होते. तिची निवड झाली नाही.

मी तिला फोन केला. "बरं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी झालं असंल." मग तिनं विचारलं, "तू होती ना तिथं?"

"होते. पण ओळख आहे म्हणून मत दिलं नाही."

पलीकडून कुणीतरी पाखरं हाकलत असल्याचा आवाज येत राहिला.

"बाबांसारखंच केलं तू बी," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी जाफराबादहून घरी गेल्यावर तुम्ही जेवला नाहीत, हे तिनं मग सांगितलं. ती झोपली असं समजून तुम्ही तिच्या उशाशी बराच वेळ बसला होतात. हे मला आजवर माहीत नव्हतं. तुम्ही चुकलात की बरोबर होतात, हे मी ठरवू शकत नाही. माझंही ठरवू शकत नाही. विचारायचं तर तुम्हालाच विचारायला हवं होतं.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "हुरडा आलाय. रविवारी ये. एकटीच काय बसती तिथं." मी म्हटलं, रविवारी मीटिंग आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर खरं लिहायला हरकत नाही. माझी कसलीही मीटिंग नव्हती. आज रविवार आहे, आणि मी सकाळपासून घरीच आहे.